पेंढ्यावरची वाइन

पूर्व फ्रान्समध्ये, स्वित्झर्लंडच्या सीमेलगत, जुरा नावाचा डोंगराळ पट्टा आहे. तिथल्या एखाद्या वाइन करणाऱ्याच्या घरात नोव्हेंबरात माळ्यावर चढून बघा. द्राक्षांचे घड वाशांना टांगलेले, नाहीतर पेंढ्यावर किंवा फळ्यांवर एकेक करून मांडलेले. खिडक्या सताड उघड्या आणि गार वारा आरपार. तोडणी कधीच आटोपलीय, मग ही द्राक्षं अजून गाळली का नाहीत?

कारण त्यांच्यातलं पाणी उडून जायचंय. किमान सहा आठवडे ती अशीच सुकतात. मणी सुरकुततो, आतली साखर दाट होते. आणि गंमत म्हणजे वेलीवरून तोडलेलं द्राक्ष अजून जिवंत असतं! ते श्वास घेत राहतं आणि त्यासाठी स्वतःमधलंच थोडं आम्ल खर्च करतं. एक जरी मणी फुटला, तरी बुरशी शेजारच्या मण्यांना धरते, म्हणून तोडतानाच निरोगी, सुटसुटीत घड निवडायचे.

नाताळच्या सुमारास ती गाळतात. 100 किलो द्राक्षांचा रस किती निघावा? जेमतेम 15 ते 20 लिटर. पण काय रस! लिटरमागे 300 ग्रॅमहून जास्त साखर.

आता यीस्टचं काम सुरू होतं. हा सूक्ष्म जीव साखर खाऊन अल्कोहोल तयार करतो. याच भागातल्या आर्बुआ गावी वाढलेल्या लुई पाश्चरने 1878 मध्ये तिथे वेलींवर काचघरं उभारली आणि दाखवून दिलं, की यीस्टपासून दूर ठेवलेल्या द्राक्षांचा रस आंबतच नाही.

मग इतकी साखर मिळाल्यावर यीस्टची चैन व्हायला हवी ना? उलट! मोरावळ्याच्या पाकात जंतू टिकत नाहीत, कारण साखर त्यांच्यातलं पाणी ओढून घेते. इथे यीस्टची तशीच दमछाक होते. काम महिनोन् महिने रेंगाळतं. त्यात अल्कोहोल 14 टक्क्यांच्या पुढे गेलं, की यीस्ट थकून थांबतं. बरीचशी साखर मागे उरते आणि वाइन आपोआप गोड होते. वरून काही घालावंच लागत नाही!

ही ‘व्हँ द पाय’. लाकडी पिंपात निदान दीड वर्ष मुरते आणि बहुधा अर्ध्या बाटलीतच विकली जाते. वास सुक्या जर्दाळूचा, मधाचा, अक्रोडाचा.

सोबत काय खावं? माझं पहिलं मत चीजला. त्याच डोंगरातलं, निळ्या बुरशीच्या रेषांचं ब्लू द जेक्स घ्या. चीजच्या खारटपणानं वाइनमधला फळांचा स्वाद खुलतो आणि वाइनमधलं आम्ल तोंडातला स्निग्धपणा धुऊन नेतं. अक्रोडाचा टार्टही झकास, पण त्यात साखर बेतानं हवी. पदार्थ वाइनपेक्षा गोड झाला, तर जीभ त्या गोडीला सरावते आणि पुढच्या घोटाला हीच वाइन चक्क आंबट लागते.