अर्धशिशी आणि आहारातील तेल-तूप

जयपूरची कांदा कचोरी तेलात तळलेली, तर बाटी तुपात बुडवलेली. अर्धशिशीच्या रुग्णांना असे पदार्थ टाळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. परंतु स्निग्धांश किती, यापेक्षा तो कोणता, हे अधिक महत्त्वाचे असू शकते. अमेरिकेतील १८२ रुग्णांवर १६ आठवडे चाललेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत एका गटाच्या आहारात माशांतून मिळणारे ओमेगा-३ वाढवण्यात आले आणि सोयाबीनसारख्या तेलांतील लिनोलिक आम्ल घटवण्यात आले. सर्वसाधारण अमेरिकी आहाराच्या तुलनेत या गटाचे डोकेदुखीचे दिवस महिन्याला सुमारे चारने कमी झाले. लिनोलिक आम्लापासून शरीरात वेदना चेतवणारे, तर ओमेगा-३ पासून त्या शमवणारे घटक बनतात, असे मानले जाते.

जयपूरमधील शाकाहारी घरांची अडचण इथेच आहे. राजस्थानात मोठ्या प्रमाणावर पिकणाऱ्या मोहरीच्या तेलात वनस्पतिजन्य ओमेगा-३ असते. मात्र माशांतील प्रकार शरीर त्यापासून अगदी थोडे तयार करते. तुपात लिनोलिक आम्ल अत्यल्प, पण संपृक्त स्निग्धांश भरपूर. हृदयविकार असलेल्यांना ती मोकळीक नाही. शैवालापासून काढलेले ओमेगा-३ हा शाकाहारी पर्याय उपलब्ध आहे. चाचणीतील रुग्णांनी आपली नेहमीची औषधे सुरूच ठेवली होती.