खडीचा भार आणि रस्त्याचे अर्थशास्त्र

खडीचे डंपर ज्या रस्त्याने जातात त्याची चाळण होते, हा क्रशरच्या आसपासच्या गावांचा नित्याचा अनुभव आहे. विपर्यास असा की, महामार्ग बांधण्यासाठी खडी नेता नेता गावचा रस्ता मोडतो. मग अवजड वाहनांवर सरसकट बंदीची मागणी होते. ती समजण्यासारखी असली तरी तिच्यामागील निदान अपुरे आहे. रस्ता मोडतो तो वाहनाच्या एकूण वजनापेक्षा एकेका आसावर पडणाऱ्या भाराने.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या चाचण्यांतून असा ठोकताळा निघाला की, आसावरील भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते. आपल्याकडे २०१८ साली केंद्र सरकारने चार टायरांच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. भारात वाढ झाली सुमारे तेरा टक्क्यांची. या ठोकताळ्याने झीज मात्र साठ टक्क्यांहून अधिक वाढते.

याउलट मिशिगन राज्याचे उदाहरण पाहावे. अमेरिकेच्या संघीय नियमानुसार पाच आसांच्या वाहनाला ८०,००० पौंडांची, म्हणजे सुमारे ३६ टनांची मुभा आहे. सरासरी आसामागे सव्वासात टन. मिशिगनमध्ये खडी वाहणाऱ्या अकरा आसांच्या जोडट्रेलरला १,६४,००० पौंड, म्हणजे सुमारे ७४ टन चालतात. पण आसामागे भार येतो पावणेसात टनांच्या आसपास. माल दुपटीहून अधिक, आणि आसावरील भार उलट कमी! अर्थात पुलांचे गणित निराळे, कारण पुलाला सारा बोजा जवळपास एकदमच पेलावा लागतो. शिवाय तेथेही रस्त्यांच्या दुर्दशेचे खापर याच वाहनांवर फोडले जाते. अशी लांबलचक वाहने आपल्या घाटांत किंवा गावच्या वळणांवर चालतील, असे कोणी म्हणणार नाही. घेण्यासारखे आहे ते त्यामागील तत्त्व.

आपल्याकडे खडीचा व्यवहार ब्रासवर चालतो. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. हे माप आकारमानाचे, वजनाचे नव्हे. एका ब्रास खडीचे वजन सुमारे सव्वाचार ते साडेचार टन भरते. फाळक्याच्या वर ढीग करून एक ब्रास अधिक टाकला, तर वाहतूकदाराला जादा खर्च येतो तो थोड्या डिझेलचा आणि टायरांच्या झिजेचा. भाडे मात्र पुरते एका ब्रासचे वाढते. रस्त्याच्या झिजेची किंमत त्याच्या हिशेबात येतच नाही. ती भरते जिल्हा परिषद, म्हणजे पर्यायाने तुम्ही-आम्ही. अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात. यात चालकाला खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. तो खेपेचा धनी नसतो.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आला. दंड जबर आहे, पण तो पकडला जाण्यावर अवलंबून. आणि खाणीपासून महामार्गापर्यंतच्या गावरस्त्यावर वजनकाटा क्वचितच असतो. तो खाणीच्या फाटकावर हवा, आणि वाहतूक परवाना काट्याच्या पावतीवाचून मिळता कामा नये. न्यूझीलंडने तर १९७७ साली कायदा करून अवजड वाहनांवर अंतर, वजन आणि आसांची संख्या यांनुसार आकारणी सुरू केली. तितकेच वजन अधिक आसांवर वाटणाऱ्यास तेथे कमी दर पडतो, आणि जादा आस बसवणे मालकाच्याच फायद्याचे ठरते.