तुमच्या प्रचारानं मत वाढलं, हे कशावरून? मिशिगनची गव्हर्नर निवडणूक आणि कंट्रोल ग्रुप

पीएचडीच्या प्रवेश मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो. तुम्ही उत्साहानं सांगता, 'मी अमुक गोष्टीचा तमुक गोष्टीवर होणारा परिणाम अभ्यासणार आहे.' समोरचे सर शांतपणे विचारतात, 'परिणाम झाला हे कसं कळणार?' तिथे बऱ्याच जणांची दांडी उडते. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांचीही उडते, कारण तिथे कंट्रोल ठेवायची सवय हाताला असते, पण तो का ठेवतो याचा विचार डोक्यानं केलेला नसतो.

माझा विषय रसायनशास्त्र. तरी आजचं उदाहरण मी मुद्दाम राजकारणातलं घेतलंय. रसायनाच्या बाजूनं आपलं मन नसतं, उमेदवाराच्या बाजूनं असतं. आणि मन एका बाजूला असतं तेव्हाच पद्धतीची खरी गरज पडते.

प्रश्न असा: एखाद्या पुरोगामी उमेदवाराला गव्हर्नरपदासाठी पाठिंबा द्यायचा म्हणून तुम्ही पैसे दिले, दारोदार फिरलात, फोन केलेत. त्यानं काही फरक पडतो का?

आधी एक गोंधळ दूर करू. अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. आपल्याकडे राज्यपालांची नेमणूक राष्ट्रपती करतात, तिकडे गव्हर्नर थेट लोकांच्या मतांनी निवडून येतो आणि राज्याचा कारभार चालवतो. कामाच्या दृष्टीनं तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. शिवाय तिथे निवडणूक दोन टप्प्यांत होते. पक्षाचं तिकीट कुणाला हे श्रेष्ठी ठरवत नाहीत, 'प्रायमरी' नावाच्या आधीच्या निवडणुकीत मतदार ठरवतात. नोव्हेंबरमध्ये दोन्ही पक्षांचे विजेते समोरासमोर येतात. हे दोन टप्पे लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावरच फिरणार आहे.

आता मिशिगन, २०१८. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत तिघं होते. ग्रेचेन व्हिटमर, राज्याच्या विधिमंडळातल्या अनुभवी नेत्या, पक्षातल्या बहुतेक प्रस्थापितांचा आणि मोठ्या कामगार संघटनांचा आधार असलेल्या. अब्दुल एल-सय्यद, डेट्रॉइट शहराच्या आरोग्य खात्याचे माजी प्रमुख, तिशीतले डॉक्टर; सगळ्यांना सरकारी आरोग्य विमा आणि ताशी १५ डॉलर किमान वेतन ही त्यांची भाषा, आणि बर्नी सँडर्स व अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांचा उघड पाठिंबा. तिसरं नाव आपल्यापैकी अनेकांच्या घरातल्या पुस्तकाच्या कपाटात असेल: श्री ठाणेदार. होय, 'ही श्रीची इच्छा'वाले. बेळगावात वाढलेले, मुंबई विद्यापीठातून एमएस्सी, मग अमेरिकेत ॲक्रनला पॉलिमरमध्ये पीएचडी. (आमच्या लॅबमध्ये त्यांचं नाव 'पॉलिमरवाला माणूस कुठपर्यंत जाऊ शकतो' याच्या चर्चेत निघतं.) त्यांनीही स्वतःला पुरोगामी उमेदवार म्हणूनच मांडलं, आणि स्वतःच्या खिशातले सुमारे एक कोटी डॉलर ओतले.

७ ऑगस्टला निकाल लागला. व्हिटमर ५२ टक्के, एल-सय्यद साधारण ३०.२, ठाणेदार साधारण १७.७. नोव्हेंबरमध्ये व्हिटमर गव्हर्नरपदी निवडून आल्या. ठाणेदार पुढे २०२२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहावर निवडून आले, पण ती वेगळी गोष्ट.

निकालानंतर जी चर्चा होते ती तुम्हाला पाठ आहे. 'ठाणेदारांनी मतं खाल्ली, नाहीतर खरा पुरोगामी निवडून आला असता.' हे विधान तपासायला संशोधकाची गरज नाही, बेरीज पुरते. ३०.२ अधिक १७.७ म्हणजे ४७.९. ठाणेदारांचा प्रत्येक मतदार, एकही अपवाद न करता, एल-सय्यद यांच्याकडे गेला असता तरी व्हिटमर पुढेच राहिल्या असत्या. ठाणेदार शर्यतीत नसते तर प्रचाराची दिशाच बदलली असती, असं कुणी म्हणेल. म्हणा, पण मग तुम्ही आकड्यांतून बाहेर पडून कल्पनेत शिरलात हे कबूल करा.

दुसरा दावा जरा अवघड आहे: 'फार डावा उमेदवार दिला की पक्ष हरतो.' त्याच वर्षी फ्लोरिडात अँड्र्यू गिलम हे सँडर्स यांचा पाठिंबा असलेले उमेदवार प्रायमरी जिंकले आणि नोव्हेंबरमध्ये रॉन डिसँटिस यांच्याकडून हरले. अंतर किती? सुमारे ८२ लाख मतांत साधारण ३२ हजार. एक बाजू म्हणाली, बघा, पुरोगामी हरला. दुसरी म्हणाली, बघा, कठीण राज्यात पुरोगामी किती जवळ पोहोचला. आकडा एकच, गोष्टी दोन. कारण तुलना कशाशी करायची ते कुणीच सांगत नाही. गिलम यांच्याऐवजी मवाळ उमेदवार असता तर काय झालं असतं, ते फ्लोरिडा आपल्याला कधीच दाखवणार नाही. कावळा बसला आणि फांदी मोडली, एवढंच आपण पाहिलं. कावळा नसताना फांदीचं काय झालं असतं ते पाहायचं राहूनच गेलं.

यावर अँड्र्यू हॉल या राज्यशास्त्रज्ञानं २०१५ मध्ये एक सुंदर वाट काढली. त्यानं अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या अशा प्रायमरी निवडल्या जिथे एक टोकाचा आणि एक मवाळ उमेदवार अगदी थोडक्या मतांनी पुढेमागे झाले. इतक्या निसटत्या निकालात कोण जिंकलं हे जवळजवळ नाणेफेकीसारखं असतं. म्हणजे निसर्गानंच आपल्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. टोकाचा उमेदवार निसटता जिंकला ते मतदारसंघ एका बाजूला, निसटता हरला ते दुसऱ्या बाजूला, आणि मग मुख्य निवडणुकीत पक्षाचं काय झालं ते बघायचं. उत्तर: टोकाचा उमेदवार आल्यास पक्षाची मतं सरासरी ९ ते १३ टक्क्यांनी घसरली. या पद्धतीला रिग्रेशन डिस्कंटिन्युइटी म्हणतात. नाव घाबरवणारं आहे, कल्पना नाही.

पण थांबा. हा निष्कर्ष उचलून मिशिगनला चिकटवता येईल? माझ्या मते नाही. तो प्रतिनिधिगृहाचा आहे, गव्हर्नरपदाचा नाही. आणि तो निसटत्या प्रायमरींबद्दल बोलतो, तर मिशिगनमध्ये पहिल्या दोघांत जवळजवळ २२ टक्क्यांचं अंतर होतं. आणखी एक बारकावा मला फार आवडतो. उमेदवार 'टोकाचा' हे ठरवलं कसं? जे कधी सभागृहात बसलेच नाहीत त्यांचं मतदान बघता येत नाही, म्हणून त्यांना देणग्या कुणी दिल्या यावरून अंदाज बांधतात. डाव्यांना देणारे लोक ज्याला देतात तो डावा. युक्ती चांगली आहे. आता ही मोजपट्टी ठाणेदारांना लावून बघा. ज्यानं प्रचाराचा बहुतेक पैसा स्वतःच घातला, त्याच्याबद्दल देणगीदारांची यादी कितीसं सांगणार? 'पुरोगामी' हा शब्द भाषणात सोपा असतो. प्रबंधात तो कशानं मोजला हे लिहावं लागतं, आणि तिथेच फट सापडते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ: तुमचं फिरणं, तुमचं बोलणं. इथे उमेदवार चिठ्ठी टाकून वाटता येत नाहीत, पण प्रचार वाटता येतो. आणि योगायोग बघा, या क्षेत्रातला सर्वांत गाजलेला प्रयोग मिशिगनमध्येच झाला, २००६ च्या ऑगस्टमधल्या प्रायमरीत. गर्बर, ग्रीन आणि लॅरिमर यांनी सुमारे १ लाख ८० हजार घरं घेतली. अमेरिकेत मत कुणाला दिलं ते गुप्त असतं, पण मत दिलं की नाही ही नोंद उघड असते. त्यांनी घरांचे पाच गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले. सुमारे एक लाख घरांना काहीच पाठवलं नाही, हा कंट्रोल. बाकी चार गटांना वेगवेगळी पत्रं. एकात नुसतं 'मतदान हे कर्तव्य आहे'. दुसऱ्यात 'आम्ही तुमच्या मतदानाचा अभ्यास करतोय'. तिसऱ्यात त्या घरातल्यांनी मागे मतदान केलं होतं की नाही याची यादी. चौथ्यात शेजाऱ्यांचीही यादी, आणि निवडणुकीनंतर सुधारलेली यादी पुन्हा सगळ्यांना पाठवू अशी सूचना.

कंट्रोल गटात मतदान २९.७ टक्के. कर्तव्याच्या पत्रानं ३१.५. अभ्यासाच्या पत्रानं ३२.२. स्वतःच्या नोंदीनं ३४.५. शेजाऱ्यांच्या यादीनं ३७.८. एका पत्रानं आठ टक्क्यांची वाढ! 'लोक काय म्हणतील' याची ताकद आपल्याला कुणी शिकवायला नको, पण ती इतक्या काटेकोरपणे मोजलेली मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही.

दारोदार प्रचार मोजताना मात्र एक खड्डा आहे आणि पीएचडीचे विद्यार्थी त्यात हटकून पडतात. तुम्ही शंभर दारं वाजवलीत, तीसच उघडली. या तीस जणांत मतदान जास्त झालं म्हणून तुम्ही खूश. पण जो माणूस संध्याकाळी घरी असतो, दार उघडतो आणि अनोळखी कार्यकर्त्याशी बोलतो, तो एरवीही जास्त मतदान करणारा असू शकतो. बरोबर तुलना म्हणजे ज्यांची दारं वाजवायची ठरवली ते सगळे विरुद्ध ज्यांची नाही ठरवली ते सगळे. किंवा डेव्हिड निकरसन यांनी केलं तसं: दुसऱ्या गटाचीही दारं वाजवायची, पण त्यांच्याशी मतदानाऐवजी कचऱ्याच्या पुनर्वापराबद्दल बोलायचं. आता दोन्हीकडे दार उघडणारेच लोक आले. औषधाच्या चाचणीत साखरेची गोळी देतात ना, तसंच हे.

अशा प्रयोगांवरून ग्रीन आणि गर्बर यांनी एक ढोबळ दर काढला होता: दारात झालेल्या साधारण १४ संभाषणांमागे एक जादा मत. तो मिशिगनला लावून बघू. एल-सय्यद आणि व्हिटमर यांच्यात अंतर होतं सुमारे २ लाख ४६ हजार मतांचं. नुसते नवे मतदार आणून ते भरायचं तर ३४ लाखांच्या वर संभाषणं लागली असती, तीही सगळी नवी मतं आपल्यालाच पडली असं धरून. आणि पक्षाच्या त्या प्रायमरीत एकूण मतंच साधारण ११ लाख पडली होती.

म्हणजे फिरणं व्यर्थ? इथे ते दोन टप्पे कामाला येतात. मतदाराला बाहेर काढणं वेगळं आणि त्याचं मन वळवणं वेगळं. कॅला आणि ब्रूकमन यांनी २०१८ मध्येच ४९ प्रयोग एकत्र तपासले. मुख्य निवडणुकीत प्रचारानं मन वळण्याचा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. कारण समजण्यासारखं आहे: मतपत्रिकेवर पक्षाचं नाव दिसतं, आणि बहुतेकांचं तिथेच ठरतं. पण प्रायमरीत सगळेच एका पक्षाचे. पक्षाचं लेबल मदतीला येत नाही, त्यामुळे दारातल्या बोलण्याला जागा उरते आणि तिथे परिणाम दिसतोही. शिवाय समोरच्याचं एक मत वळवलं की अंतर दोननं कमी होतं, एकनं नाही. त्यामुळे पुरोगामी उमेदवारासाठी वेळ द्यायचाच असेल तर तो ऑगस्टआधी दिलेला बरा, असा माझा या सगळ्यातून निघालेला अंदाज. नोव्हेंबरमध्ये मन वळवत बसण्यापेक्षा आपल्या बाजूच्यांना घराबाहेर काढण्यावर भर द्यावा. आपल्याकडचे मुरलेले बूथ कार्यकर्ते मतदानाच्या दिवशी यादी घेऊन 'अजून कोण आलं नाही' हे बघत फिरतात, ते कोणताही पेपर न वाचता.

असा प्रयोग स्वतः करायचा मोह झाला तर एक घटना वाचून ठेवा. २०१४ मध्ये स्टॅनफर्ड आणि डार्टमथच्या संशोधकांनी मोंटाना राज्यात न्यायाधीशांच्या निवडणुकीआधी सुमारे एक लाख मतदारांना पत्रकं पाठवली. उमेदवार किती डावे, किती उजवे हे पट्टीवर दाखवलेलं, आणि वर राज्याची अधिकृत मुद्रा. लोकांना ते सरकारी पत्रकच वाटलं. गहजब झाला आणि दोन्ही विद्यापीठांना जाहीर माफी मागावी लागली. तेव्हा आराखडा लिहाल त्यात एक परिच्छेद याचाही असू द्या: तुमच्या प्रयोगानं निकालच फिरला तर त्याला जबाबदार कोण? मुलाखतीत हा प्रश्न अजून कमी जण विचारतात, पण विचारू लागले आहेत.