‘पहिली आवृत्ति’ म्हणजे काय?

जालना जिल्ह्यांतील घनसावंगी तालुक्यांत जांब हें गांव आहे. समर्थ रामदासांचा जन्म 1608 सालीं तेथें झाला. त्यांच्या दासबोधाची पहिली आवृत्ति कोणती, असें कोणी विचारिलें तर काय सांगावें?

आवृत्ति या शब्दाचा मूळ अर्थ पुन्हां पुन्हां करणें. ग्रंथव्यवहारांत त्याला निराळा अर्थ आला. खिळ्यांच्या छपाईच्या काळीं एका जुळणीवरून जेवढ्या प्रती निघत, त्या सर्व मिळून एक आवृत्ति. तीच जुळणी राखून पुढें आणखी प्रती काढल्या, तर तें पुनर्मुद्रण. मजकूर सुधारून नव्यानें जुळविला, तर दुसरी आवृत्ति. आपले कित्येक प्रकाशक मात्र साध्या पुनर्मुद्रणासही ‘आवृत्ति’ म्हणतात, आणि ग्रंथांत कांहीं भर पडली असावी अशी ग्राहकाची उगाच समजूत होते.

पहिल्या आवृत्तीचें मोल कशांत आहे? लेखक हयात असतां मुद्रितें बहुधा त्याच्या नजरेखालून जातात; वाचकांच्या हातीं प्रथम काय पडलें, याची ती साक्ष असते. शुद्धिपत्रांतल्या चुकासुद्धां त्या साक्षीचाच भाग. मात्र उपयोगाच्या दृष्टीनें तीच श्रेष्ठ असें नव्हे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ति 1831 ची. अभ्यासक हाताशीं ठेवतात ती 1857 ची, वाढविलेली दुसरी.

दासबोधाची गोष्ट याहूनही वेगळी. समर्थ आठ वर्षांचे असतां, 1616 सालीं, गोव्यांत फादर स्टीफन्सचें क्रिस्तपुराण छापून निघालें होतें, पण तें रोमन लिपींत. देवनागरी छपाई महाराष्ट्रांत येण्यापूर्वींच, 1682 सालीं, समर्थ निवर्तले. ग्रंथ पसरला तो नकलांतून, मठोमठीं. आणि नकल म्हटली कीं कोठें ओवी गळावयाची, कोठें शब्द बदलावयाचा. पुढें दासबोध छापला गेला, तेव्हां ज्यानें छापला त्याच्यापुढें जी पोथी होती, तिचे दोषही छापले गेले. अशा पहिल्या छापील प्रतीस जुनेपणाचा मान द्यावा, प्रामाण्याचा नव्हे.

धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनीं हा फरक ओळखला. धाराशिव जिल्ह्यांतील डोमगांवच्या मठांत समर्थशिष्य कल्याणस्वामींच्या हातची पोथी होती. तिच्यावरून त्यांनीं 1905 सालीं दासबोध छापला. कालक्रमानें ही आवृत्ति मागाहूनची. समर्थांच्या शब्दांना मात्र ती अधिक जवळची. आपल्या घरीं दासबोध असेल, तर त्याची प्रस्तावना काढून तो कोणत्या पोथीवरून छापला आहे तें पाहावें. देवांनीं गांवोगांव हिंडून जमविलेलीं समर्थ-संप्रदायाचीं बाडें धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरांत ठेविलेलीं आहेत.