स्टिक सारखीच, रीत निराळी

पिंपरीच्या नेहरूनगरातील हॉकी स्टेडियमला मेजर ध्यानचंद यांचे नाव आहे. डिसेंबर २०२१ मध्ये पुरुषांची आणि मार्च २०२४ मध्ये महिलांची वरिष्ठ राष्ट्रीय हॉकी स्पर्धा याच मैदानावर झाली. कारखान्यांच्या या नगरीतील मुले हॉकीची स्टिक हाती घेतात, तेव्हा पालकांच्या मनात एक प्रश्न हमखास उभा राहतो : या खेळात मारामारी किती आणि शिस्त किती?

याचे उत्तर शोधताना बर्फावरच्या हॉकीशी तुलना उद्बोधक ठरते. आपल्या मैदानी हॉकीत प्रतिस्पर्ध्याला अंगाने ढकलणेही नियमबाह्य आहे. हिरवे कार्ड म्हणजे दोन मिनिटे मैदानाबाहेर, पिवळे म्हणजे किमान पाच मिनिटे आणि लाल म्हणजे त्या सामन्यातून कायमचे बाहेर. शिक्षा एकाला होते, पण त्या काळात संपूर्ण संघाला एक खेळाडू कमी घेऊन खेळावे लागते. आइस हॉकीत मात्र रबरी चकती ज्याच्या ताब्यात आहे, त्याला अंगाची धडक देणे हा खेळाचाच भाग मानला जातो. उत्तर अमेरिकेतील ‘एनएचएल’ या व्यावसायिक लीगमध्ये तर हातघाईवर आलेल्या दोघांना साधारणपणे पाच मिनिटांची शिक्षा होते आणि त्यानंतर ते पुन्हा खेळू शकतात. ऑलिंपिकमध्ये अशी मुभा नाही.

या मुभेचे समर्थक म्हणतात, की ठोशाची भीती असली म्हणजे कोणी आडदांडपणा करीत नाही. अनुभव मात्र वेगळे सांगतो. फेब्रुवारी २००४ मध्ये कोलोरॅडोच्या स्टीव्ह मूरच्या धडकेने व्हँकुव्हरचा कर्णधार जखमी झाला. त्याचा हिशेब चुकता करण्यासाठी ८ मार्च रोजी टॉड बर्टुझीने मूरवर मागून हल्ला केला. मूरच्या मानेचे मणके मोडले आणि त्याची कारकीर्द तेथेच संपली. बर्टुझीला न्यायालयात गुन्हा कबूल करावा लागला. केवळ मारामारीसाठी ओळखला जाणारा डेरेक बुगार्ड २०११ मध्ये अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी वेदनाशामक औषधे आणि मद्याच्या अतिसेवनाने दगावला. त्याच्या मेंदूच्या तपासणीत वारंवार बसलेल्या आघातांशी जोडला जाणारा विकार आढळला.

लहान मुलांबाबतचा पुरावा तर अधिकच बोलका आहे. कॅनडात अकरा-बारा वर्षांच्या खेळाडूंचा तुलनात्मक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. जेथे धडकेला परवानगी होती, तेथे दुखापतींचे प्रमाण तिपटीहून अधिक आढळले. पुढे अमेरिकेने २०११ मध्ये आणि कॅनडाने २०१३ मध्ये या वयोगटात धडक बंद केली.

म्हणून आपली हॉकी सोवळी आहे, असे समजण्याचे कारण नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये दिल्लीत नेहरू चषकाच्या अंतिम सामन्यात पंजाब पोलीस आणि पंजाब नॅशनल बँक यांचे खेळाडू स्टिक उगारून एकमेकांवर तुटून पडले. पुढे दोषी खेळाडूंवर निलंबनाची कारवाई झाली. तात्पर्य, नियम कठोर असून भागत नाही. राग आवरण्याची सवय सरावाच्या मैदानावरच लागावी लागते.

या बाबतीत ध्यानचंदांचा दाखला पुरेसा आहे. १५ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिनच्या अंतिम सामन्यात जर्मन गोलरक्षकाशी झालेल्या टकरीत त्यांचा दात पडला. उपचार घेऊन ते परतले आणि जर्मनांना धडा शिकवण्यासाठी त्यांनी सहकाऱ्यांना गोल न करता चेंडू वर्तुळापर्यंत नेऊन मागे आणण्यास सांगितले, अशी आठवण सांगितली जाते. भारताने तो सामना ८-१ असा जिंकला. अपमानाची परतफेड कौशल्याने करता येते, हेच त्यातून दिसते.

नेहरूनगरच्या मैदानावर येणाऱ्या मुलांना ड्रॅग-फ्लिक शिकवणारे प्रशिक्षक मिळतीलच. धक्का लागल्यावर स्टिक खाली ठेवणाऱ्या मुलाचे कौतुक करणारे प्रशिक्षक, आणि गॅलरीतून ‘मार त्याला’ असे न ओरडणारे पालकही त्यांना मिळायला हवेत.