‘इंग्रज’ म्हणण्याआधी थांबा!

आपल्या नांदेड-लातूरवर इंग्रजांचं थेट राज्य असं फारसं नव्हतंच. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाचे. तरी बर्मिंगहॅमचा असो, ग्लासगोचा असो की कार्डिफचा, आपल्या लेखी सगळे सरसकट ‘इंग्रज’. ग्लासगोकराच्या तोंडावर हे म्हणून बघू नका! तो स्कॉटिश. स्कॉटलंड १७०७ साली इंग्लंडशी एक झालं खरं, पण २०१४ च्या सार्वमतात सुमारे ४५ टक्के लोकांनी वेगळं होण्याचा कौल दिला. उत्तर आयर्लंडची तऱ्हा आणखी निराळी. तिथल्या माणसाला १९९८ च्या करारानुसार ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही म्हणवून घेता येतं.

मला सगळ्यात भारी वाटते ती त्यांची जनगणना. इंग्लंड-वेल्समध्ये राष्ट्रीय ओळखही विचारतात. २०११ मध्ये सुमारे ५८ टक्के लोकांनी आपली ओळख फक्त ‘इंग्लिश’ सांगितली, २०२१ मध्ये जेमतेम १५ टक्क्यांनी! दहा वर्षांत एवढं मन पालटलं? छे. इंग्लंडच्या फॉर्मवर ‘ब्रिटिश’ हा पर्याय सगळ्यात वर आणला होता, त्याचा मोठा हात यात असावा. (सर्वेक्षणांवर आंधळा विश्वास ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.) वेल्समध्ये मात्र ५५ टक्के लोक ‘फक्त वेल्श’वर ठाम राहिले.

नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला ब्रिटनमधली शीख कुटुंबंही येतात. नांदेडकरांनो, गप्पांचा योग आला तर नक्की विचारा, ‘तुम्ही ब्रिटिश की इंग्लिश?’ आणि उत्तर इथं कळवा.