गाणं ‘एक नंबर’ कसं ठरतं? बिनाका गीतमाला ते जपानची यादी

कारापूर (डिचोली) : डिसेंबर आला की ‘यंदाचं एक नंबर गाणं’ असे मेसेज डिचोली, दोडामार्ग ते बेळगावपर्यंत मोबाईलवर फिरू लागतात. पण हा नंबर ठरवतं कोण आणि मोजतात तरी काय?

आपल्याकडची जुनी मोजणी म्हणजे ‘वन्समोअर’. जत्रेच्या नाटकात पद रंगलं की प्रेक्षकांतून हाक येते. पण ती पसंती त्या मांडवापुरतीच.

सिलोनची बुधवारची रात्र

बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ १९५२ मध्ये केंद्रात नभोवाणी मंत्री झाले. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेगीतं जवळपास गायब झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच डिसेंबरात अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राजवट होती, पण शॉर्टवेव्हला कसली सीमा!

१९५३ च्या वार्षिक यादीत पहिलं आलं ‘अनारकली’मधलं ‘ये जिंदगी उसी की है’. संगीतकार पुणतांब्याचे सी. रामचंद्र. गायिका लता मंगेशकर, ज्यांच्या घराण्याचं गाव आपलं मंगेशी. पुढे गाण्यांची ‘पायदान’ ठरवताना रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री आणि श्रोता संघांची पसंती, दोन्ही पाहिलं जाई.

एकाच वर्षी दोन ‘पहिले’

मोजमाप बदललं की नंबर कसा बदलतो, हे जपानमध्ये स्पष्ट दिसतं. तिथली ‘ओरिकॉन’ संस्था १९६८ पासून दर आठवड्याला यादी काढते. तिच्या सिंगल्सच्या यादीत भर विकल्या गेलेल्या प्रतींवर. २०१० ते २०१९ अशी सलग दहा वर्षं तिथं ‘एकेबी४८’ हा मुलींचा गट पहिला राहिला. त्यांच्या सीडीसोबत कलाकारांशी हस्तांदोलनाचं तिकीट किंवा गटातल्या निवडणुकीची मतपत्रिका मिळायची. त्यामुळे एकच चाहता अनेक सीडी घ्यायचा.

‘बिलबोर्ड जपान’ मात्र सीडीबरोबर डाउनलोड, स्ट्रीमिंग, व्हिडिओ अशा गोष्टीही धरतं. म्हणून २०१८ मध्ये ओरिकॉनवर एकेबी४८ पहिला असताना बिलबोर्डवर वर्षाचं पहिलं गाणं होतं केन्शी योनेझूचं ‘लेमन’. २०१९ मध्येही तसंच घडलं. २०२३ मध्ये योआसोबी या जोडीचं ‘आयडॉल’ बिलबोर्डवर सलग २१ आठवडे अव्वल राहिलं आणि वर्षाचंही पहिलं ठरलं.

दोन्ही याद्या आपापल्या जागी खऱ्या. एक सांगते विकलं काय गेलं, दुसरी सांगते ऐकलंही काय गेलं.

आपल्यासाठी काय?

मराठी गाणं गोवा, महाराष्ट्र, कर्नाटक अशा तीन राज्यांत ऐकलं जातं. एकाच राज्याचे आकडे धरले तर बाकीचे श्रोते हिशेबातच येत नाहीत. भजनाच्या फडात किंवा जत्रेत गायलेलं पद तर कुठल्याच मोबाईलच्या आकड्यात उमटत नाही. म्हणून ‘एक नंबर’चा मेसेज पुढे ढकलण्याआधी तीन गोष्टी बघा : कोणी मोजलं, काय मोजलं आणि कुठल्या भागातलं मोजलं.